द्राक्षगटाच्या मराठी डोकुविकीला हिंदी आणि इंग्रजी पाने कशी जोडावीत?

आपण विचारले आहे की, निफाड तालुक्यातील आपल्या द्राक्ष उत्पादक गटाची छाटणी, फवारणी आणि काढणीची माहिती डोकुविकीवर, म्हणजे अनेकांनी मिळून पाने लिहिण्याच्या मोफत सॉफ्टवेअरवर, मराठीत आहे आणि तीच आता पॅकहाऊसमधील हिंदी भाषक कामगारांसाठी हिंदीत व निर्यातदारांसाठी इंग्रजीत हवी आहे. तर भाषांतर त्याच पानाच्या खाली लिहावे की प्लगइन, म्हणजे डोकुविकीला नवी सोय देणारा जोडभाग, घ्यावे? प्लगइनच घ्यावे, असे माझे मत आहे. मी नाशिकमध्ये एका संस्थेचे तीन भाषांतले डोकुविकी सांभाळते, त्यामुळे पुढे लिहिलेले बहुतेक सारे रोजच्या वापरातून आलेले आहे.

डोकुविकीच्या एक्स्टेंशन मॅनेजरमध्ये, म्हणजे प्लगइन शोधून बसवण्याच्या पानावर, 'ट्रान्सलेशन' या नावाने शोधल्यास हे प्लगइन मिळते. ज्यांनी 2004 मध्ये डोकुविकी सुरू केले, ते आंद्रेयास गोर हेच त्याच्या कर्त्यांपैकी एक आहेत, त्यामुळे योग्य प्लगइन ओळखणे अवघड जात नाही. त्याची रीत अशी की, मूळ भाषेची पाने आहेत तिथेच राहतात आणि इतर प्रत्येक भाषेसाठी तिच्या दोन अक्षरी कोडच्या नावाचे स्वतंत्र नेमस्पेस, म्हणजे पानांचे फोल्डरसारखे दालन, वापरले जाते. आपल्या विकीची मुख्य भाषा मराठी ठेवावी, प्लगइनच्या सेटिंगमध्ये हिंदी आणि इंग्रजीचे कोड मध्ये मोकळी जागा सोडून लिहावेत, की प्रत्येक पानावर भाषांचे दुवे दिसू लागतात. इंग्रजीला मूळ भाषा करण्याचा सल्ला आपल्याला कोणी दिला तर तो मानू नये. बागेत फिरून आलेला सभासद जे लिहितो ते मराठीत लिहितो, आणि माहिती जिथे प्रथम उतरते तीच मूळ प्रत असायला हवी.

पानांच्या नावांचा निर्णय मात्र प्लगइन बसवण्यापूर्वी घ्यावा. तिन्ही भाषांत पानाचे नाव तंतोतंत एकच असावे लागते, कारण त्यावरूनच प्लगइनला जोडी कळते. शिवाय डोकुविकी प्रत्येक पान साध्या मजकुराची फाइल म्हणून साठवते आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइलच्या नावातील देवनागरीचे एकेक चिन्ह, म्हणजे काना-मात्रासुद्धा, नऊ अक्षरांची जागा घेते. फाइलच्या नावाची मर्यादा बहुतेक सर्व्हरवर 255 बाइटची असल्याने लांब मराठी नावे अडचणीत येतात. म्हणून 'केवडा', 'भुरी' (हे द्राक्षावरचे रोग), 'गोडी छाटणी' (फळांसाठीची छाटणी) अशी नावे रोमन लिपीत, लहान ठेवावीत आणि पानाचे पहिले शीर्षक हेच नाव म्हणून दाखवण्याचे सेटिंग चालू करावे. वाचणाऱ्याला मग देवनागरीच दिसते. जुनी पाने 'मूव्ह' प्लगइनने बदलल्यास त्यांच्याकडे येणारे दुवेही दुरुस्त होतात.

सर्वांत जास्त चुका दुव्यांत होतात. नवे भाषांतर सुरू करताना मूळ मजकूर संपादकात आपोआप उतरवण्याची सोय प्लगइनमध्ये आहे आणि ती फार उपयोगी आहे. पण त्या मजकुरातील दुवे पूर्ण पत्त्याने लिहिलेले असतील, तर हिंदी पानावरच्या दुव्यावर टिचकी मारणारा कामगार थेट मराठी पानावर जाऊन पडतो. मूळ पानांतच सापेक्ष दुवे वापरले, म्हणजे फवारणीच्या नेमस्पेसमधील केवड्याच्या पानावरून भुरीच्या पानाचा दुवा देताना फक्त भुरीचे नाव लिहिले, तर तोच दुवा हिंदीत हिंदी पानाकडे जातो. बाजूच्या मेनूचे काम सोपे आहे, कारण डोकुविकी सर्वांत जवळच्या नेमस्पेसमधील साइडबार पान आपणहून शोधते.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते, ते लिहिते. आपली फवारणीची पाने हंगामात वारंवार बदलणार. एखाद्या औषधाचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, मराठी पानावर सुधारला गेला आणि हिंदी पानावर जुनाच राहिला, तर त्याचा फटका थेट मालाला बसतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, हे नाशिक जिल्ह्यातील बागायतदाराला वेगळे सांगायला नको. प्लगइनमध्ये भाषांतराचे वय तपासण्याचा पर्याय आहे, तो चालूच ठेवावा. मूळ पान नंतर बदलले असेल तर भाषांतरावर तशी सूचना येते आणि काय बदलले ते पाहण्याचा दुवाही मिळतो. मात्र ही तुलना केवळ तारखांची असते. कोणी हिंदी पानावर एक वेलांटी सुधारली, तरी ते पान मराठीपेक्षा नवे ठरते आणि मजकूर शिळा असूनही सूचना नाहीशी होते. त्यामुळे सूचना दिसत असलेल्या पानाला हात लावणाऱ्याने आधी फरक पाहून मजकूर पूर्ण जुळवावा आणि मगच जतन करावे, असा नियम गटात करावा लागेल. हिंदी आणि इंग्रजी नेमस्पेसचे संपादनाचे अधिकार एसीएलमधून, म्हणजे कोणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या यादीतून, मोजक्याच सभासदांना दिल्यास हा नियम पाळणे सोपे जाते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आकड्यांचे भाषांतर करूच नये. औषधाचे लेबलवरील नाव, प्रति लिटर मात्रा आणि पीएचआय यांचा तक्ता एकाच स्वतंत्र पानावर ठेवावा आणि 'इन्क्लूड' प्लगइनने तो तिन्ही भाषांच्या पानांत ओढून घ्यावा. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची नवी यादी आली की एकच पान बदलायचे, तिन्ही भाषांत एकाच वेळी तोच आकडा दिसतो.

मीडियाविकी या विकिपीडियाच्या सॉफ्टवेअरचे 'ट्रान्सलेट' एक्स्टेंशन पानाचे परिच्छेदवार तुकडे करते आणि बदललेला तुकडाच शिळा म्हणून दाखवते, हे निःसंशय अधिक चांगले आहे. परंतु त्यासाठी विकीच बदलावे लागेल आणि दर बदलानंतर पान भाषांतरासाठी खुणावण्याचे काम कोणाला तरी करावे लागेल. आपल्या गटाच्या आवाक्याला डोकुविकी पुरेसे आहे. प्लगइन बसवण्यापूर्वी डेटा फोल्डरची प्रत काढून ठेवावी आणि सुरुवात गोडी छाटणीनंतरच्या फवारणीच्या पानांपासून, सप्टेंबरच्या आत करावी.