तळ्याकाठची वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईला (वय ६८) डोंगर बघायची फार हौस आहे, पण चढ आता झेपत नाही. तळ्याभोवतीची सात किलोमीटरची एक सोपी वाट निवडली आहे. पाटीवर ‘दोन तास’ लिहिलंय. जमेल ना?

उत्तर : जमेल, पण पूर्ण फेरीचा हट्ट सोडा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक ठोकताळा मांडला. पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, असा तो साधारण सांगतात. तुमच्या वाटेवर एकूण चढ नव्वदेक मीटर धरला, तरी हिशेब दीड तासावर येतो. मात्र हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा, तोही न थांबता चालणाऱ्याचा. आई तासाला अडीच किलोमीटर चालत असतील तर तीन तास धरा, आणि बसण्याचा वेळ वेगळा. त्यांना बसू द्याच, त्या बघायला निघाल्या आहेत.

ज्येष्ठांना घेऊन चालताना मी आधी नकाशा उघडते आणि तळ्याचे दोन्ही काठ तपासते. ते क्वचितच सारखे असतात. डोंगराच्या बाजूला घसरून आलेले दगडधोंडे थेट पाण्यापर्यंत उतरतात, त्यामुळे वाट सारखी वर-खाली होते. नकाशात तिथे समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काठाला चिकटलेल्या दिसतील. शिवाय तुम्ही डोंगराच्या पायथ्याशीच असता, त्यामुळे शिखर दिसतच नाही. समोरचा काठ बहुधा सपाट असतो आणि अख्खी रांग तिथूनच नजरेत मावते. म्हणून त्याच काठाने जा आणि त्याच काठाने परत या. गुडघ्याला सोसणारा आणि डोळ्यांना सुखावणारा, असा हा एकच काठ आहे.

निघा पहाटे. रात्री उतारांवरची थंड हवा खाली सरकत असते. ऊन चढलं की उतार तापतात आणि हवा वर ओढली जाते. या दोन्हींच्या मधल्या वेळात पाणी स्थिर असतं. वारा सुटताना आधी लांबवर पाण्यावर एक खरखरीत करडा पट्टा उमटतो आणि तो सरकत सरकत तुमच्याकडे येतो. तो पोचला की प्रतिबिंब गेलंच समजा. डोंगर तुमच्या पश्चिमेला असेल तर सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. आईंना हेही दाखवा : दूरचं, क्षितिजालगतचं शिखर पाण्यात उजळ दिसतं आणि जवळचा उंच कडा काळसर. प्रकाश पाण्यावर जितका तिरपा पडतो तितका जास्त परावर्तित होतो, म्हणून असं घडतं.

खरी काळजी घ्यायची ती पायाखालची. सावलीतली ओली मुळं आणि दवाने भिजलेल्या लाकडी फळ्या सपाट वाटेवरही माणसाला पाडतात. दोन काठ्या द्या. मूठ धरल्यावर कोपर काटकोनात राहील एवढी उंची ठेवा. मुळावर पाय न देता ते ओलांडायला सांगा.

प्रश्न : काही डोंगरी तळ्यांचं पाणी हिरवट-निळं, रंग कालवल्यासारखं का दिसतं? आणि ते पिता येतं का?

उत्तर : तुम्ही म्हणता तो रंग हिमनदीचं पाणी मिळणाऱ्या तळ्यांचा. हिमनदी खडकावरून घासत जाते तेव्हा त्याचं अगदी बारीक पीठ होतं. ते इतकं हलकं असतं की बराच काळ पाण्यात तरंगत राहतं. प्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, निळा-हिरवा भाग हे कण विखरतात. बर्फ वितळण्याच्या दिवसांत पीठ जास्त येतं, म्हणून रंगही तेव्हाच खुलतो.

प्यायचं मात्र नाही, पाणी कितीही नितळ असो. जिआर्डियासारखे परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत आणि गुरं किंवा रानातले प्राणी काठावर येतातच. घरून पाणी न्या. तळ्याचंच वापरायची वेळ आली तर खळखळून एक मिनिट उकळा. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं.