काजूच्या खोडकिड्यावर पाइनच्या जंगलासारखे गंधसापळे चालतील का?

गंधसापळ्यांचं, म्हणजे भुंग्यांना वासाने ओढून पकडणाऱ्या सापळ्यांचं, पुढे सांगतो. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला टोचलं: 'दोन झाडं पार पिवळी झालीत, पण वडील तोडू देत नाहीत.' हे आमच्या घरी दोन वर्षं रोज ऐकलंय.

आमची काजूची बाग मंडणगड तालुक्यात, बहुतेक झाडं वेंगुर्ला-४ जातीची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आडवी झालेली झाडं गेलीच, पण काही नुसती कलली. अर्ध्या मुळ्या तुटलेल्या, अर्ध्या जमिनीत. मी म्हटलं, काढून टाकू. थोरले काका म्हणाले, "पंचनामा होऊ दे, हात लावू नकोस." पंचनामा झाला, पैसे आले, तरी काका हलेनात. "पालवी धरलीय बघ. लेकरासारखं वाढवलेलं झाड, त्याला कोयती लावतोस?" मी पडलो मुंबईहून सुट्टीला येणारा, माझं मत ओटीवरच संपायचं.

पुढच्या शिमग्याला गेलो तर त्यातल्या सात झाडांच्या बुंध्याशी भुसा, त्यात डिंक घट्ट बसलेला, पानं हळदीसारखी. पटाशीने साल उचकटली. आत वेड्यावाकड्या वाटा, भुशाने ठासून भरलेल्या, आणि बोटाएवढी मळकट पांढरी अळी. हाच खोडकिडा, पुढे तिचाच भुंगा होतो. काकांनी भोकात पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपला. आंब्याच्या भिरुडाला, म्हणजे तिथल्या खोड पोखरणाऱ्या अळीला, हे चालतं, तिथे एखाद-दुसरं भोक असतं. काजूत अळ्या बुंध्यात आणि मुळांत, त्याही एकीपेक्षा जास्त. बुंध्याभोवतीची अर्ध्याहून जास्त साल पोखरली असेल किंवा झाड पिवळं पडलं असेल, तर ते वाचत नाही. मुळासकट काढा आणि बागेबाहेर न्या. ठेवलंत तर तुम्ही भुंगे पाळताय. आम्ही पाळले. पुढच्या वर्षी शेजारच्या धडधाकट अकरा झाडांना कीड लागली.

आता पाइन. तिथला बार्क बीटल म्हणजे जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा भुंगा, आपला खोडकिडा त्याच्यापुढे बैल. हा बार्क बीटल सालीखाली वाढतो आणि गंधाने भाईबंदांना बोलावून हजारोंनी एकाच झाडावर तुटून पडतो. ठणठणीत झाड राळ सोडून त्याला बाहेर ढकलतं, दुष्काळाने किंवा वादळाने खचलेल्याला ते जमत नाही. गंधसापळे तिथेही मुख्यतः भुंगे कधी उडाले, किती आहेत हे कळायला. मोठा उपाय म्हणजे कीड लागलेलं झाड भुंगे बाहेर पडायच्या आत तोडून जंगलाबाहेर नेणं, निदान साल सोलणं. म्हणजे काका तिथेही चुकलेच असते.

आपल्याकडे माडावरच्या सोंड्या आणि गेंड्या भुंग्यासाठी बादलीचे गंधसापळे मिळतात. ते गंध त्या भुंग्यांसाठीचे, म्हणून काजूसाठी मी त्यांच्या नादी लागणार नाही. उरलेल्या झाडांचे बुंधे दर महिन्याला पालापाचोळा बाजूला करून बघा. ताजा भुसा दिसला की साल तासून अळी काढा. बुंध्याला मीटरभर उंचीपर्यंत आणि उघड्या मुळांना पाच टक्के निंबोळी तेल लावा, किंवा एक भाग डांबर आणि दोन भाग रॉकेल. औषधाचं नाव मला विचारू नका. पोखरलेली साल घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात जा.

आणि हो, पानं हिरवी असून साल थोडीच गेली असेल तर तोडू नका, अळ्या काढल्यावर झाड सावरतं. असं एक झाड मी रागाच्या भरात उगाच पाडलं. ते काकांनी बरोबर लक्षात ठेवलंय.

तुमच्या वडिलांसाठी एकच युक्ती: पहिल्या झाडाचं मूळ त्यांच्यासमोर फोडा. आमच्या मुळातून चुन्यासारखा पांढरा, टणक कोष निघाला, सुपारीपेक्षा लांबट. मी तो ओटीवर काकांपुढे ठेवला. त्यांनी अडकित्त्याने फोडला, तर आत तांबूस भुंगा, जिवंत, लांब मिशा हलवत. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माणसं लावून उरलेली झाडं त्यांनी स्वतःच काढून घेतली, आणि आजही लग्नाकार्यात भेटलेल्या प्रत्येकाला सांगतात की पुतण्याने सरपणासाठी बाग तोडली.