ताई, नवरा बिघडलेला नाही, डबे बघतोय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी दोघं इंग्लंडात रेडिंगला आलात आणि वर्षभरात नवऱ्याला नाद लागला. सुट्टीच्या दिवशी तो लोकांच्या दारातल्या व्हीली बिन्सवर, म्हणजे चाकांच्या केराच्या डब्यांवर, छापलेली कौन्सिलची (इथल्या नगरपालिकेची) चिन्हं बघत हिंडतो, फोटो काढतो, वहीत लिहितो. "केराच्या डब्यात कसला आलाय छंद? काळजी करावी का, आणि हे किती दिवस चालतं?"

छंद आहे. काळजी करू नका. किती दिवस चालतं ते मला विचारू नका, मी स्लाऊत राहतो आणि माझं अजून चालू आहे.

खरं सांगायचं तर तुमचं ते "कसला आलाय छंद" वाचूनच लिहायला बसलो. हेच वाक्य, याच चालीत, आमच्या साडूंनी मला भर गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकवलं होतं. त्या दिवशी माझं उत्तर अर्धवट राहिलं.

आधी नवऱ्याची बाजू. तुम्हाला वाटतंय तो डबे बघतोय. तो सरहद्दी बघतोय. या देशात सरकार दर काही वर्षांनी कौन्सिला मोडतं आणि नव्या करतं. १९७४ च्या एप्रिलपर्यंत आमचं स्लाऊ बकिंगहॅमशरमध्ये होतं, मग बर्कशरमध्ये ढकललं. १९९८ मध्ये बर्कशर कौंटी कौन्सिलच (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) गुंडाळली आणि सहा स्वतंत्र कौन्सिला उरल्या. तुमचं रेडिंग त्यातलं एक, आमचं स्लाऊ दुसरं. १ एप्रिल २०२० ला शेजारच्या बकिंगहॅमशरची पाळी आली: आयल्सबरी व्हेल, चिल्टर्न, साउथ बक्स आणि विकम या चार डिस्ट्रिक्ट कौन्सिला (नाव डिस्ट्रिक्ट, पण कौंटीच्या पोटातला, तालुक्यासारखा भाग) आणि वरची कौंटी कौन्सिल, सगळ्या मिळून एक. पुढच्याच वर्षी नॉर्थॅम्प्टनशर, २०२३ ला कम्ब्रिया, नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेट.

कौन्सिल गेली की वेबसाइट रातोरात बदलते, लेटरहेड बदलतं, ऑफिसवरची पाटी उतरते. बिन कोण बदलणार? घराघरातल्या दोन-दोन, तीन-तीन बिन्स परत मागवून नव्या वाटायला पैसा आहे कुणाकडे? मग ती फुटेपर्यंत तीच. आमच्या इचलकरंजीची २०२२ ला महापालिका झाली, त्यानंतर गावी गेलो तर कोपऱ्यावरच्या एका गाडीवर अजून 'नगरपरिषद' लिहिलेलं होतं. मला बरं वाटलं, आमच्या बंधूंना लाज वाटली. माणसामाणसात फरक असतो.

आता साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आयल्सबरीला घर, मोठं, गॅरेज वगैरे. माणूस वाईट नाही, पण त्यांचा छंद घड्याळांचा. घड्याळं दाखवायला वेगळं ड्रॉवर आहे, त्यात आतून दिवा लागतो. त्या दिवशी आरती झाली, जेवणं झाली आणि कागदी ताटल्यांची पिशवी बाहेर टाकून यायला मला पाठवलं. (धाकटा साडू म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.)

बाहेर काळोख. मोबाइलचा टॉर्च लावला आणि बिनच्या पुढच्या अंगावर प्रकाश पडला. पांढऱ्या फॉइलचा छाप बराच घासलेला, तरी वाचता येत होता: आयल्सबरी व्हेल डिस्ट्रिक्ट कौन्सिल. मी उकिडवा बसलो. बिनच्या अंगावर आणि झाकणावर प्लास्टिकमध्येच उठवलेलं रुपयाएवढं चक्र असतं, कडेने बारा महिने, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि एक बाण. साच्यात तो बाण फिरवतात, म्हणून बिन कोणत्या महिन्यात ओतली ते कळतं. अंगावरच्या चक्रात ०९ होतं, झाकणावरच्या चक्रात १७. म्हणजे मधे कधीतरी झाकण तुटलं आणि त्याच कौन्सिलने नवं बसवून दिलं. साडूंनी घर घेतलं २०२१ ला. ती कौन्सिल जाऊन तोवर वर्ष उलटलं होतं. म्हणजे जिच्या बिनमध्ये ते आठवड्याला केर टाकतात, तिला त्यांनी कधी एक पौंड टॅक्स दिलेला नाही.

मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. साडूच बाहेर आले. रेशमी कुर्ता, हातात विडा.

"अहो, हरवलात की काय? ताटल्या टाकायला एवढा वेळ?"

मी म्हटलं, "तुमची बिन बघत होतो. ही आयल्सबरी व्हेलची आहे."

"छे. आमची बिन बकिंगहॅमशर कौन्सिलची. टॅक्स तिलाच भरतो मी."

"टॅक्स तिला भरता. बिन हिची आहे. या, वाचा."

ते वाकले नाहीत. आत जाऊन त्यांनी जाहीर केलं, "आमचे पाहुणे केराच्या डब्याचं वाचन करत होते," आणि मग ते तुमचं वाक्य. सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली, तेही लक्षात ठेवलंय. मी म्हटलं, विंडसरचा किल्ला बघायला तिकीट काढून जाता, फ्रिजवर त्याचा मॅग्नेट लावता आणि दारातली गोष्ट वाचायला कंबर वाकत नाही. ते म्हणाले, किल्ला म्हणजे इतिहास, ही कौन्सिलची जाहिरात. शिवाय "स्लाऊवाल्यांना कचऱ्याचंच कौतुक असणार."

इथे माझं डोकं फिरलं. कारण चाकांची ही बिन स्लाऊचीच. १९६८ साली स्लाऊतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात ती झाली, तीसुद्धा कारखान्यातला कचरा इकडून तिकडे ढकलायला. घरोघरी पोचायला पुढे बरीच वर्षं गेली, तोवर लोक पत्र्याचे डबे नाहीतर काळ्या पिशव्याच ठेवत. हे मी त्या दिवशी सांगितलं, पण तोवर कुणीतरी कराओके लावलं होतं.

आणि 'जाहिरात' म्हणाल तर ऐका. इंग्लंडमध्ये गावाचं चिन्ह म्हणजे कुणीही उचलून लावायचा लोगो नव्हे. ते देणारी संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून आहे. मँचेस्टर कॉर्पोरेशनने १९५४ साली एका नाट्यगृहाच्या कंपनीवर दावा लावला, का तर त्यांनी रंगमंचाच्या वरच्या झालरीवर आणि कंपनीच्या शिक्क्यात शहराचं चिन्ह वापरलं. तो दावा चालवायला हाय कोर्ट ऑफ शिव्हलरी नावाचं, अशा चिन्हांचे तंटे ऐकणारं कोर्ट भरवलं, जे त्याआधी दोनशेहून जास्त वर्षं बसलेलं नव्हतं. कॉर्पोरेशन जिंकली. कौन्सिल विसर्जित झाली की तिचं चिन्ह नव्या कौन्सिलला आपोआप मिळत नाही, त्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे कायद्याने मेलेलं चिन्ह बिनवर मात्र दर आठवड्याला रस्त्यावर येऊन उभं राहतं. घड्याळात हे आहे का? घड्याळ ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला मिळतं.

आता चिन्हांचं म्हणाल तर मजा इथे आहे. कोव्हेंट्रीच्या चिन्हात पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती. ऑक्सफर्डच्या चिन्हात पाण्यातून चाललेला बैल आणि ढाल धरायला एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला हिरवा बीव्हर. किंग्स्टनला तीन सामन मासे. तुमच्या रेडिंगला पाच मुंडकी, ती ढालीवर बघा, लहान मुलं दचकतात. लंडनच्या एन्फील्डचा तर प्राणीच स्वतःचा, तोंड कोल्ह्याचं, पुढचे पाय गरुडाचे, नावही एन्फील्डच. मात्र सगळ्याच कौन्सिला पूर्ण चिन्ह बिनवर उठवत नाहीत. कुठे नुसतं नाव, कुठे नव्या पद्धतीचा गुळगुळीत लोगो, कुठे कोरी. कोरी बिन बघून नवरा हिरमुसला तर त्याला चहा द्या.

रंगावर फार जाऊ नका, रंग ज्याच्या त्याच्या मर्जीचे. त्यातल्या त्यात लिव्हरपूलच्या जांभळ्या बिन्स सांगण्यासारख्या. गावात फुटबॉलचे दोन क्लब, लिव्हरपूल लाल आणि एव्हर्टन निळा. लाल केला तर एव्हर्टनवाले चिडणार, निळा केला तर लिव्हरपूल क्लबवाले, म्हणून जांभळा.

एक गोष्ट नवऱ्याला नक्की सांगा, कारण नवीन माणूस इथे फार वेळ घालवतो. कौंटीचं चिन्ह बिनवर शोधू नये. जिथे अजून दोन मजली कारभार (वर कौंटी, खाली डिस्ट्रिक्ट) आहे तिथे कचरा उचलते डिस्ट्रिक्ट, विल्हेवाट लावते कौंटी. त्यामुळे केंटचा तो पांढरा घोडा कितीही देखणा असला तरी तो दारातल्या बिनवर मिळायचा नाही.

दुसरी गोष्ट, वेळेची. बिन डेला, म्हणजे कचऱ्याची गाडी येते त्या दिवशी, सकाळी लवकर उठून जाण्यात अर्थ नाही. बऱ्याच कौन्सिला सांगतात की मूठ रस्त्याकडे करून ठेवा, गाडीवाल्यांना ओढायला सोपं जातं. चिन्ह असतं मुठीच्या बरोबर उलट्या बाजूला. मग रांगेने नुसत्या पाठी दिसतात, चिन्हं सगळी घरांकडे तोंड करून. गाडी येऊन गेली की कामगार बिन्स जिथे वळतील तिथे सोडतात, एक इकडे तोंड, एक तिकडे. दुपारी जा. तेव्हा फुटपाथवरूनच सगळं वाचता येतं, कुणाच्या अंगणात पाय ठेवावा लागत नाही.

तुमच्यासाठी फेरी पण सांगतो, कारण तुम्हीही एकदा सोबत जाऊन बघावं असं माझं मत आहे. रेडिंग युनिव्हर्सिटीचा व्हाइटनाइट्स कॅम्पस रेडिंग आणि वोकिंगहॅम या दोन कौन्सिलांत विभागलेला आहे. तिथून शेजारच्या अर्ली गावाकडे चालत निघालात की पत्ता रेडिंगचाच वाटतो, दुकानं तीच, बस तीच, पण कौन्सिल बदललेली असते. रस्त्यावर पाटी नसली तरी बिन सांगते. वोकिंगहॅमला २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत घरचा कचरा निळ्या पिशव्यांतून जायचा, त्यामुळे तिथल्या काळ्या बिन्स अगदी नव्या कोऱ्या. त्यांच्या चक्रातला आकडा वाचायला लावा त्याला.

आणि घाई करावी अशी एक जागा आहे. सरे कौंटीमधल्या अकराही डिस्ट्रिक्ट पातळीच्या कौन्सिला २०२७ च्या एप्रिलमध्ये जाऊन दोनच उरणार असं ठरलं आहे. गिल्डफर्ड, वोकिंग, स्पेलथॉर्न ही नावं अजून जिवंत आहेत तोवर जिवंतपणी बघून घ्यावीत. नंतरही बिन्स दिसतील म्हणा, पण जिवंत असताना बघितलेलं आणि गेल्यावर बघितलेलं यात फरक आहे. हे मी साडूंनाही सांगितलंय. ते म्हणाले, श्राद्ध घाला.

आता काळजीचं. मघाशी "काळजी करू नका" म्हणालो, त्यात थोडी दुरुस्ती. लोक बिनवर पांढऱ्या रंगाने घराचा नंबर लिहितात. फोटोत तो नंबर, गाडीची नंबरप्लेट, खिडकी, लहान मूल येता कामा नये. झाकण उघडायचं नाही, काहीही झालं तरी नाही. झाकणावरचं चक्र वरूनच दिसतं. दिसलं नाही तर सोडून द्यायचं. बिन वळवायची नाही. संध्याकाळी टॉर्च घेऊन दुसऱ्याच्या दारात उकिडवं बसणं साडूच्या घरी चालतं, अनोळखी गल्लीत चालत नाही, आणि आपल्या रंगाच्या माणसाने तर हे आधीच ओळखून असावं. मला एकदा एका आजीबाईंनी विचारलं, "कौन्सिलकडून आलात का?" मी खरं सांगितलं. त्यांनी तीन वर्षांच्या तक्रारी सांगितल्या, मग मागच्या अंगणातली जुनी बिन दाखवली, जी त्या गांडूळखतासाठी वापरतात. साउथ बक्स. पण प्रत्येक वेळी अशा आजी भेटतील असं नाही.

खर्चाचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण साडूंचा मुद्दा शेवटी तिथेच येतो, की फुकट ते फालतू. वही एक पौंडाची. नवऱ्याला म्हणावं, तारीख, रस्त्याचं नाव (घर नंबर नाही), कौन्सिल, अंगाचं चक्र, झाकणाचं चक्र, एवढे रकाने आख. झाकण आणि अंग वेगळ्या कौन्सिलचं निघालं तर मला इथे खाली कळव. माझ्याकडे तसं अजून एकही नाही.