गॅस अ‍ॅनालायझरचे कॅलिब्रेशन : सुरुवातीला एवढेच सांभाळा

आपण इन्फ्रारेड पद्धतीच्या कार्बन डायऑक्साइड अ‍ॅनालायझरपासून सुरुवात करत आहात, हे उत्तमच. कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या वायूशी उपकरणाचा आकडा जुळवणे. बहुतेक नवखे लोक उपकरण चालू करताच झिरो (शून्याची जुळवणी) करायला घेतात. तसे न करता आधी वॉर्म-अपचा पूर्ण वेळ जाऊ द्यावा. मग कार्बन डायऑक्साइड नसलेल्या नायट्रोजनवर झिरो आणि प्रमाण माहीत असलेल्या, प्रमाणपत्राची मुदत शिल्लक असलेल्या वायूच्या सिलिंडरवर स्पॅन (वरच्या आकड्याची जुळवणी). अ‍ॅडजस्ट करण्यापूर्वीचा स्थिरावलेला आकडा वहीत अवश्य टिपावा, कारण उपकरण किती सरकले होते हे नंतर कशानेही कळत नाही.

खरी गोम दाबात आहे. हा सेन्सर टक्केवारी नव्हे, तर प्रकाशाच्या वाटेत आलेले रेणू मोजतो. त्यामुळे मुंबईत कॅलिब्रेट केलेले, दाबाची भरपाई नसलेले उपकरण सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या, म्हणून हवेचा दाब कमी असलेल्या पुण्यात नेल्यास १००० पीपीएमचा (दशलक्ष भागांत १००० भाग) वायू ९४० च्या आसपास दिसतो, आणि दोष विनाकारण सिलिंडरला दिला जातो. म्हणून मोजमाप जिथे, कॅलिब्रेशनही तिथेच करावे.

आणखी दोन चुका टाळाव्यात :

- सिलिंडरचा रेग्युलेटर जास्त उघडून सेलमध्ये (वायू मोजला जातो त्या कप्प्यात) दाब वाढवणे. रोटामीटरवर (प्रवाह दाखवणाऱ्या नळीवर) प्रवाह नमुन्याइतकाच ठेवावा आणि बाहेर जाणारी नळी मोकळी असावी.
- ओलावा विसरणे. सिलिंडरमधला वायू कोरडा असतो. ३० अंशांच्या संपृक्त हवेत मात्र सुमारे ४ टक्के बाष्प असते, आणि तेवढ्या प्रमाणात बाकीचे वायू विरळ होतात. पावसाळ्यात नमुना सुकवूनच आत सोडावा.

तापमानाचे गुणक आणि लिनिअरायझेशन (सेन्सरचा वक्र प्रतिसाद सरळ रेषेत आणणे) सध्या बाजूला ठेवा. महिनाभराच्या नोंदी हाती आल्या की त्याकडे वळू.