केळीच्या पट्टीवर घर चालतं, प्रवासाच्या पॉइंटसाठी क्रेडिट कार्ड घ्यावं का?

रावेरला राहता, घर केळीवर चालतं, विमानाची तिकिटं फुकट मिळावीत म्हणून दोन-तीन कार्डं घ्यायचा विचार आहे आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टरसाठी कर्ज काढायचंय, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, कार्ड घ्या, पण एकच. आणि तेही रेल्वेच्या तिकिटांवर जास्त पॉइंट देणारं.

मी भुसावळचा. आपल्याला विमान धरायचं तर जळगाव, तिथून मोजक्याच शहरांना उड्डाणं. विमान कंपनीचे माइल्स (म्हणजे तिकिटासाठीचे पॉइंट) आणि विमानतळावरचं लाउंज मुंबईकराच्या कामाचे. आपल्या दाराशी जंक्शन आहे, दिल्ली आणि हावडा दोन्हीकडच्या गाड्या मिळतात. एसीचं तिकीट पॉइंटवर निघालं तर तो खरा फायदा.

खरी अडचण वेगळीच आहे. पट्टी, म्हणजे विकलेल्या केळीचे व्यापाऱ्याकडून येणारे पैसे, येते बाग कापल्यावर, कार्डाचं बिल येतं दर महिन्याला. भाव पडला, व्यापाऱ्याने पैसे लांबवले, की माणूस 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलाचा कमीत कमी भरावा लागणारा छोटा भाग, भरून मोकळा होतो. समजा, 50,000 थकले. महिना साडेतीन टक्क्यांनी 1,750 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 2,065. तेवढ्याच खर्चावर पॉइंट मिळतात साधारण 500 ते 1,000 रुपयांचे. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून हातात असलेल्या पैशांइतकीच खरेदी कार्डावर करा. खत, औषधांची उधारी त्यावर चढवू नका. कार्डाने एटीएममधून रोख तर कधीच काढू नका. जळगावला सोनं घेणार असाल तर आधी अटी वाचा, बरीच कार्डं सोन्यावर पॉइंट देत नाहीत.

आता सिबिल, म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता हे बँकेला सांगणारा स्कोअर. स्कोअर 300 ते 900 असतो, 750 च्या वर असला की बँक सहसा कुरकुर करत नाही. मर्यादा 50,000 आणि बिलात 40,000 दिसले तर वेळेवर भरूनही स्कोअर दबतो. वापर मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवा, मोठी खरेदी झालीच तर बिल बनण्याआधीच पैसे भरून टाका. एकामागून एक कार्डांसाठी अर्ज केले की प्रत्येक चौकशीची नोंद राहते, म्हणून ट्रॅक्टरच्या आधीचे सहा महिने नवा अर्ज नको. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा तुमच्या कर्जांचा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो आत्ताच काढा. जुनं, फेडलेलं कर्ज त्यात बाकी दिसत असेल तर दुरुस्तीला वेळ जातो.

आणि ऑटो-पे लावताना 'टोटल ड्यू' (पूर्ण बिल) निवडा, ज्या खात्यात पट्टी जमा होते त्याच खात्यावर.