‘नुसतं बघून या’ म्हटलं तरी परवाना लागतोच

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक भगिनींनी लिहिलं आहे. त्या मूळच्या सांगलीच्या, सिव्हिल इंजिनिअर. लग्नाआधी आणि नंतरही साइटवर आणि जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये त्यांनी काम केलं. पतीच्या नोकरीमुळे अमेरिकेत आल्या, आता एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असून वर्क परमिटचं कार्ड हातात आहे. ओळखीच्या एका रिअल इस्टेट एजंटनं त्यांना सुचवलं, ‘आपली मराठी मंडळी घरं घेतायत, तुम्ही नुसतं बघून या.’ तीन कुटुंबांसाठी त्यांनी घरं पाहिली, व्हॉट्सअॅपवर फोटो आणि शेरे पाठवले. प्रत्येकानं दोनशे डॉलर ‘भेट’ म्हणून दिले. तिसऱ्या कुटुंबाच्या बेसमेंटमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आलं आणि आता ते दुरुस्तीचा खर्च मागत आहेत. भगिनी विचारतात: माझ्यावर काही कारवाई होऊ शकते का? हे काम रीतसर करायचं तर काय करावं लागेल? आणि नणंद पेनसिल्व्हेनियात राहते, तिथे परवाना लागत नाही म्हणे, मग तिच्या पत्त्यावरून काम करू का?

ताई, आधी सरळ सांगतो. परवाना हवा होता. न्यू जर्सीत होम इन्स्पेक्टरचा कायदा १९९७ चा आहे. एक ते चार कुटुंबांच्या राहत्या घराचा पाया, छप्पर, प्लंबिंग, वीज, हीटिंग वगैरे तपासून त्यावर लेखी मत देणं म्हणजे होम इन्स्पेक्शन, आणि मोबदला घेऊन ते करायला परवाना लागतो. व्हॉट्सअॅपवरचे शेरे लेखी मत नाहीत असं म्हणणं अवघड आहे. प्रत्येक घरामागे ठरल्यासारखे दोनशे डॉलर आले, तर त्याला ‘भेट’ म्हटल्यानं मोबदला लपत नाही. करखातंही त्याला उत्पन्नच म्हणेल, त्यामुळे ते पैसे रिटर्नमध्ये दाखवा.

कारवाईचं बोलायचं तर, विनापरवाना काम केल्यास पहिल्या उल्लंघनाला दहा हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पुढच्या उल्लंघनांना वीस हजारांपर्यंत. तीन घरं ही तीन स्वतंत्र उल्लंघनं धरता येतात. मात्र वीस हजारांचा दर लागू होण्यासाठी आधी वेगळ्या प्रकरणात तुमच्याविरुद्ध आदेश झालेला असावा लागतो, तो नाही. हे कमाल आकडे आहेत. पण चौथं घर पाहिलंत तर तुमची बाजू मांडणाऱ्याच्या हातात काही उरणार नाही. म्हणून आजपासून पूर्ण थांबा, फुकटसुद्धा नको. एजंटलाही तसं लिहून कळवा.

एका गोष्टीची मला दंडापेक्षा जास्त काळजी आहे आणि तुमच्या पत्रात ती नाही. वर्क परमिटच्या कार्डावर लिहिलेली सुरुवातीची आणि संपण्याची तारीख काय? तिन्ही घरं त्या दोन तारखांच्या आत पाहिलीत का? आत असतील तर इमिग्रेशनच्या बाजूनं प्रश्न सोपा आहे, कारण या कार्डावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. एखादं घर कार्ड येण्याआधी पाहिलं असेल तर ते परवानगीशिवाय केलेलं काम ठरू शकतं आणि ग्रीन कार्डच्या अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागेल. नोकरीवर आधारित अर्जांना अशा चुकांसाठी एकूण १८० दिवसांपर्यंतची सवलत कायद्यात आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नका. मात्र पतीच्या कंपनीच्या वकिलावर विसंबू नका, स्वतःचा इमिग्रेशन वकील गाठा. कंपनीचा वकील आधी कंपनीचं हित पाहतो.

आता पाणी आलेलं घर. तुम्ही लिहिता, ‘मी त्यांना बेसमेंट कोरडं आहे एवढंच कळवलं होतं.’ हे वाक्य तुमच्यावर उलटू शकतं. तुम्ही पाठवलेले फोटो स्वतः पुन्हा नीट पाहा. पायाच्या ब्लॉकच्या भिंतीवर खालून दोनेक फूट पांढरा क्षार दिसतो का? आपल्याकडे लोणा लागलेली भिंत तुम्ही शेकडो वेळा पाहिली असेल. की तेवढ्याच पट्ट्याला ताजा रंग मारलाय? बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी बाहेर फेकणारा ‘संप पंप’ होता का, तो चालवून पाहिलात का? उत्तरं काहीही असोत, ती फक्त तुमच्या वकिलाला सांगा. कुटुंबाला माफीचा मेसेज पाठवू नका, आणि जुना एकही मेसेज किंवा फोटो पुसू नका. पुसलेला मेसेज समोरच्याच्या फोनवर असतोच, मग पुसण्याचा हेतू तेवढा सिद्ध होतो.

त्या कुटुंबाचं नुकसान खरं आहे, त्यांच्याशी शत्रुत्व धरू नका. पण त्यांचा पहिला प्रश्न विक्रेत्याला असायला हवा. १ ऑगस्ट २०२४ पासून न्यू जर्सीत घर विकणाऱ्याला मालमत्तेच्या स्थितीचा ठरावीक फॉर्म भरून द्यावा लागतो आणि बेसमेंटमध्ये पाणी किंवा ओल येते का, हा प्रश्न त्यात आहे. पुराच्या धोक्याची माहितीही त्याच वर्षीपासून बंधनकारक झाली. विक्रेत्यानं तिथे ‘नाही’ लिहिलं असेल आणि त्याला पाण्याची कल्पना असेल, तर त्याची जबाबदारी तुमच्यापेक्षा मोठी आहे. तो फॉर्म त्यांनी त्यांच्या वकिलाकडून आजच मागवावा.

ते तुमच्याविरुद्ध कोर्टात गेले तर पाच हजार डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्स या छोट्या दाव्यांच्या कोर्टात चालतो, वीस हजारांपर्यंतचा स्पेशल सिव्हिल पार्ट या कोर्टाच्या विभागात. ग्राहक फसवणुकीच्या कायद्याखाली तिप्पट भरपाई मागता येते, आणि परवाना नसणं हा मुद्दा समोरचा वकील तिथे हमखास आणेल. म्हणून वाजवी रकमेत समझोता होत असेल तर माझा कल तिकडे आहे. तो लेखी असावा, पुढे दावा करणार नाही असं त्यात स्पष्ट असावं. ‘परवाना देणाऱ्या बोर्डाकडे तक्रार करू नका’ अशी अट मात्र घालू नका. तसा सौदा तुमच्याच अंगाशी येईल.

परवान्याचा मार्ग तुम्हाला बंद झालेला नाही, आणि मला वाटतं तुम्ही तो घ्यावाच. हायस्कूलपर्यंतचं शिक्षण लागतं, तुमच्याकडे त्याहून बरंच जास्त आहे. पण पदवीमुळे कोर्स माफ होत नाही. कायद्यातली इंजिनिअरांची सूट न्यू जर्सीचा इंजिनिअरिंग परवाना असलेल्यांसाठी आहे, भारतातल्या पदवीसाठी नाही. तुम्हाला मान्यताप्राप्त १८० तासांचा अभ्यासक्रम करावा लागेल: १४० तास वर्गातले आणि ४० तास प्रत्यक्ष घरांवर, परवानाधारक इन्स्पेक्टरच्या देखरेखीखाली. या चाळीस तासांचे पैसे मिळत नाहीत. नंतर नॅशनल होम इन्स्पेक्टर एक्झामिनेशन: २०० प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला २०० ते ८०० च्या मापात ५०० गुण. शिवाय व्यावसायिक चुकांचा विमा, दर घटनेमागे किमान पाच लाख डॉलरचा.

विम्याचा एवढा मोठा आकडा उगाच नाही. २००४ च्या ल्युसियर विरुद्ध विल्यम्स या खटल्यात इन्स्पेक्टरनं ३८५ डॉलर फी घेऊन करारात आपली जबाबदारी निम्म्या फीपुरती, म्हणजे १९२ डॉलर ५० सेंटपुरती, मर्यादित ठेवली होती. छप्पर गळलं. अपील न्यायालयानं ते कलम झिडकारलं. घर घेणारा माणूस आयुष्यभराची पुंजी या अहवालाच्या भरवशावर लावतो, तेव्हा इतकी क्षुल्लक जबाबदारी न्यायाला धरून नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला ते मनापासून पटतं.

अर्जात आधीच्या कामाबद्दल विचारलं तर खरं लिहा, वकिलाकडून मसुदा तपासून घ्या. खोटं बोलून मिळवलेला परवाना त्याच कारणासाठी काढून घेता येतो. व्हिसाची अडचण येणार नाही, २०२० पासून राज्याच्या व्यावसायिक परवान्यांसाठी इमिग्रेशन स्टेटसची अट नाही. पण परवाना म्हणजे काम करायची मुभा नव्हे, त्यासाठी कार्ड चालू असावंच लागेल.

पेनसिल्व्हेनियाबद्दल: तिथे राज्याचा परवाना नाही हे खरं, पण मोकळं रान नाही. २००० च्या कायद्यानुसार राष्ट्रीय संघटनेचं पूर्ण सदस्यत्व लागतं आणि ते मिळवायला किमान शंभर इन्स्पेक्शन्स केलेली असावी लागतात. तोवर पूर्ण सदस्याच्या देखरेखीखाली काम, अहवालावर सहीही त्याची. आणि मुख्य म्हणजे कायदा घर जिथे उभं आहे तिथला लागतो. नणंदेचा पत्ता दाखवून एडिसनचं घर तपासलंत तर न्यू जर्सीचाच कायदा मोडाल. अभ्यासक्रमाचे तासही राज्यागणिक बदलतात, न्यूयॉर्कमध्ये ते १४० आहेत. एका राज्याचा कोर्स दुसरीकडे आपोआप धरला जात नाही. म्हणून फी भरण्याआधी तो कोर्स न्यू जर्सीच्या होम इन्स्पेक्शन अॅडव्हायझरी कमिटीच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे पाहा. जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या चाचणीला राज्याच्या पर्यावरण खात्याचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. एजंट ‘तेवढंही बघा’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

प्रत्यक्ष घरांवरचे ते चाळीस तास अंगणवाडीत बसल्यासारखे काढू नका. आरसीसीचे कॉलम आणि गच्चीची गळती तुम्ही डोळे मिटून ओळखाल. पण इथली घरं लाकडी सांगाड्याची, ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या पाट्यांच्या, आड झाकलेली. घर गरम करणाऱ्या फर्नेसचा तडकलेला हीट एक्स्चेंजर, साठच्या दशकातली अॅल्युमिनियमची वायरिंग, अंगणात पुरलेली जुनी तेलाची टाकी हे सांगलीत तुमच्या वाट्याला आलेलं नाही. शक्यतो १९४० च्या आधीचं एक तरी घर दाखवा, असं इन्स्पेक्टरला स्वतःहून सांगा.

वकील ठरेपर्यंत त्या कुटुंबाला एवढाच मेसेज पाठवा: ‘तुमचा निरोप मिळाला. मी वकिलांचा सल्ला घेत आहे, त्यांच्यामार्फत लवकरच कळवते. विक्रेत्यानं दिलेला मालमत्तेच्या स्थितीचा फॉर्म तुमच्या वकिलांना दाखवून घ्या.’ त्यापुढे फोन आला तरी याहून जास्त बोलू नका.