आधी टेबलाशी, मग कन्सोलवर

प्रिय,

"सहा महिने झाले, मी नुसती सक्शन धरतेय आणि क्लिपा लावतेय, बरोबरीचे मात्र कन्सोलवर बसले." तुझ्या पत्रातलं हे वाक्य वाचून जीव हळहळला. पण उत्तर बदलत नाही. लिव्हरच्या रोबोटिक शस्त्रक्रियेत आधी रुग्णापाशी सहाय्यक म्हणून उभं राहायचं, मग रोबोट चालवायला बसायचं. आधी टेबलाशी, मग कन्सोलवर.

कारण साधं आहे. कन्सोलवरचा, म्हणजे टेबलापासून दूर बसून रोबोट चालवणारा, सर्जन निर्जंतुक नसतो, त्याने गाऊन-हातमोजे घातलेले नसतात. लिव्हरमधून रक्त उसळलं की त्या क्षणी पोटापाशी सर्जनचे निर्जंतुक हात फक्त तुझे. तो उठून, हात धुऊन, गाऊन चढवून येईपर्यंतची मिनिटं तुझी आहेत. याला तू "नुसती सक्शन" म्हणतेस?

टेबलाशी शिकायला काय आहे, असं विचारलंस. पोर्ट, म्हणजे इन्स्ट्रुमेंट पोटात नेणाऱ्या नळ्या, तिथपासूनच बघ. 8 मिमीचे चार पोर्ट, दोहोंत 6 ते 8 सेंमी अंतर. ते कमी पडलं की बाहेर रोबोटचे हात एकमेकांवर आपटतात आणि आतला सर्जन आपलंच कौशल्य कमी पडतंय असं समजतो. तुझा 12 मिमीचा पोर्ट असा हवा की स्टेपलर आणि सक्शन कापण्याच्या रेषेवर थेट पोचेल. सातव्या-आठव्या सेगमेंटसाठी, म्हणजे लिव्हरच्या वरच्या-मागच्या भागांसाठी, हीच मांडणी उजवीकडे, वर सरकते. रोबोटला स्वतःचा क्यूसा, म्हणजे लिव्हरची पेशी फोडत जाणारं अल्ट्रासाउंडचं उपकरण, नाही. वापरायचा तर तो तुझ्याच पोर्टमधून, तुझ्याच हाताने. प्रिंगलची, म्हणजे लिव्हरकडे येणारं रक्त थांबवायची, फीत पोटाबाहेरून आवळणारी तू, 15 मिनिटं बंद आणि 5 मिनिटं मोकळी हे घड्याळ सांभाळणारीही तूच.

आयसीजीचंही, म्हणजे खास कॅमेऱ्याखाली चमकणाऱ्या रंगाचंही, तसंच. सेगमेंटचा पेडिकल, म्हणजे त्याला रक्त आणणारा रक्तवाहिन्यांचा देठ, आधी बंद करायचा, मगच शिरेतून 2.5 मिग्रॅ द्यायचं. म्हणजे बाकीचं लिव्हर चमकतं आणि कापायचा भाग काळा राहतो. क्रम उलटला तर सगळंच चमकतं आणि त्या शस्त्रक्रियेपुरती सीमारेषा गेली. भूलतज्ज्ञांना "द्या" म्हणण्याआधी क्लॅम्प पूर्ण बसलाय का, हे बघण्याची सवय टेबलाशीच लागते.

आता रक्तस्राव. हिपॅटिक व्हेन, म्हणजे लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर, फाटली की नवखा माणूस आंधळेपणाने क्लिप मारतो आणि भोक मोठं करतो. तसं करायचं नाही. गॉज दाबायचा, थांबायचं, सीव्हीपी, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब, 5 च्या खाली आहे का ते विचारायचं. पोट फुगवणाऱ्या गॅसचा दाब 12 वरून वाढवला की रक्त कमी दिसतं, म्हणून मोह होतो. पण सीव्हीपी कमी आणि शीर उघडी असताना तोच गॅस शिरेत शिरतो. ईटीसीओटू, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, एकदम खाली आला तर गॅस तिथल्या तिथे सोडायचा. टाके घालायचा 4-0 प्रोलीनचा 12-15 सेंमीचा धागा, शेपटीला हेमोलॉक क्लिप लावून, पहिला चीर पडण्याआधी सिस्टरांच्या ट्रेवर तयार हवा. तो आत देणारा हात तुझा. दा विंची एक्सआय रोबोटच्या इन्स्ट्रुमेंटांतून सर्जनला स्पर्श कळत नाही, त्याला फक्त दिसतं. आणि रक्ताने कॅमेरा झाकला की तेही संपतं. कॅमेरा काढून पुसून परत घालायचा तो तूच.

आणि अनडॉकिंग, म्हणजे रोबोट रुग्णापासून सोडवणं. इन्स्ट्रुमेंट सरळ करून, नजरेखाली बाहेर काढायचं. पण रोबोटच्या ज्या हाताने गॉज दाबलाय तो सगळ्यात शेवटी सोडायचा. गोंधळात लोक नेमका तोच आधी काढतात.

माझ्या या हट्टावर नाराज होऊन काही जण दुसरीकडे गेले. जाऊ देत. मी स्वतः कन्सोलवर फार लवकर बसलो, टेबलाशी पुरेसा राहिलो नाही, ही सल अजून आहे. ती तुमच्या पदरात का टाकू? सिम्युलेटरवरचे गुण खोटे नाहीत, पण सिम्युलेटरमध्ये टेबलाशी कुणी उभं नसतं. रियाधच्या किंग फैसल रुग्णालयात प्रत्यारोपणासाठी जिवंत दात्यांच्या लिव्हरचा भाग रोबोटने काढणं नित्याचं झालं, त्याआधी तिथे लॅपरोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा, पाया होता. दाता धडधाकट माणूस असतो, त्याच्यावर कुणी हात बसवायला शिकत नाही.

तुझा कन्सोल येईल. आधी डावा लॅटरल भाग, म्हणजे दुसरा-तिसरा सेगमेंट. मग पाचव्या-सहाव्यातल्या पुढच्या छोट्या गाठी. सात आणि आठ बऱ्याच नंतर. दोन कन्सोल असतील तर पहिल्या दिवशी लिव्हरला जागी धरणारे लिगामेंट तेवढे सोडव आणि उठ. अगं, घाई कसली आहे?

तोवर एक काम कर. रुग्ण टेबलावर नसताना, मॉडेल ठेवून, सिस्टर आणि भूलतज्ज्ञांना घेऊन तातडीच्या अनडॉकिंगची तालीम कर. "उघडा" म्हटल्यापासून पोटावर सुरी टेकेपर्यंत किती सेकंद लागले, कोण कुठे अडखळलं, हे लिहून काढ. तीन वेळा करून आकडे मला पाठव. पुढचं त्यावर बोलू.